तिच्या चौकोनात

"खो!" म्हणून खेळाच्या सरानं माझ्या पाठीत थाप घातली आन् मी तोंडावर पडलो. टोपी मातीत गेली. खो-खोच्या मैदानावरच्या सगळ्या पोरी हसल्या. माझी नात हसली न्हाय.

सरानंच मला तिच्या चौकोनात उकिडवं बसवलं होतं. "बसा म्हातारबा. या वयात तुमी उठून पळून दाखवा, मग कळंल नातीला. गुडघा-बिडघा काय नसतंय."

मी एवढंच सांगाय गेलो होतो, पोरीला एवढ्यात खेळवू नका. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. धाराशिवच्या व्यायामाच्या डॉक्टरीणबाईनं माझ्यासमोर सांगितलं, आधी सरळ पळायचं. मग वळायचं. मग बसून झटक्यानं उठायचं. खांबावरची झेप सगळ्यात शेवटी. सूज आली की एक पायरी मागं. पोर अजून नीट वळत न्हाय. सर तिला झेपा मारायला लावतोय. रोज सांजच्याला गुडघा टम्म, पोर फोनवर सांगती.

"दिसतीय की बरी," सर म्हणला. "उद्या सामना हाय. संस्थेचे चेअरमनसाहेब येणारेत. पट्टी बांध गं."

दिसतीय की बरी. हेच शब्द. माझी बायको वाशीत एका बड्या घरी धुण्याभांड्याला होती. पोटाचं ऑपरेशन, टाके ओले, आन् मालकीणबाई दारात येऊन हेच म्हणल्या. हिनं त्यांचा हंडा उचलला. तिथंच खाली बसली. परत उठली न्हाय.

नात पट्टी गुंडाळायला वाकली. गुडघ्यातनं कट् आवाज आला. मला आला. सराला बी आला असंल.

मी टोपी झटकली, डोक्यावर ठेवली. आन् त्याच चौकोनात मांडी घालून बसलो.

"उठा आता. झाली गंमत."

"न्हाय उठत."

"ए म्हाताऱ्या! शाळेच्या हॉस्टेलातनं नाव काढीन पोरीचं."

"काढा."

सर माझ्या पाठीमागं येऊन थांबला. त्याची सावली माझ्या अंगावरनं पुढं गेली.

"आबा, उठा. मी खेळते," नात रडायला लागली.

"तू पट्टी सोड," मी म्हणलो.

आज खेळ झाला न्हाय. जाताना सर बोलला, "उद्या पोलीस आणतो."

आणू दे. उद्या बी मी हितंच बसणार, चेअरमनाच्या डोळ्यापुढं. डॉक्टरीणबाई व्हय म्हणल्या, की माझा मी उठंन. तवर या चौकोनात माझी पोर बसणार न्हाय. मला हलवायचं असंल तर खांदा द्यायला चौघं घेऊन या.