कोरड्या मिथेनॉलमधला खडा

बायकोने चाळिशीत पीएचडीला नाव घातलं, तेव्हा माझ्या मनात आलं की आता शनिवारचे पोहे मलाच करावे लागणार. तसंच झालं, आणि मला ते आवडूही लागलं. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवते, मी भोपाळच्या टी. टी. नगरमधल्या एका सरकारी कचेरीत आहे. जवळच्याच कोटरा वस्तीतल्या घरात आम्ही दोघं आणि माझी आई.

अडचण आली ती विषयाची. कॅल्शियम कार्बाइड आणि साधी अल्कोहोलं एकत्र आली की काय होतं, हे तिला पाहायचं होतं. जेवताना तिने ते सांगितलं आणि आईचा हात भातावरच थांबला. भोपाळात कार्बाइड हा शब्द निव्वळ रसायनाचा उरलेला नाही. त्याच नावाच्या कारखान्यातून गॅस सुटला तेव्हा आई नुकतीच लग्न होऊन इथे आली होती, आणि जुन्या शहरात राहणारी तिची एक मैत्रीण त्यात गेली.

"दुसरा विषय नव्हता का गं?" आईने विचारलं.

"होता. पण हा मला आवडला, आई. आणि तो वायू वेगळा होता. हा वेल्डिंगवाल्यांकडचा खडा आहे."

त्या दिवसापासून बायको घरात 'खडा' एवढंच म्हणायला लागली. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं.

सुरुवातीलाच एकदा ती फार खुशीत घरी आली. मिथेनॉल या साध्या अल्कोहोलात खड्याची पूड टाकल्यावर भराभर बुडबुडे आले होते, तेही गरम न करता. मी जिलेबी आणली. दुसऱ्या दिवशी तिच्या गाइडने, तो तिच्याहून वयाने लहानच, शांतपणे विचारलं, "मैडम, मेथनॉल सुखाया था?"

नीट सुकवलं नव्हतं. बाटलीत थोडं पाणी होतं आणि ते सगळे बुडबुडे त्या पाण्यामुळे आले होते. मिथेनॉल चांगलं कोरडं करून पुन्हा पूड टाकली, तर ती नुसती तळाशी जाऊन बसली.

त्या संध्याकाळी ती पर्स मांडीवर घेऊन सोफ्यावर बसून राहिली. आई स्वयंपाकघरातून आली.

"काय झालं तुझ्या खड्याचं?"

बायकोने सगळं सांगितलं. आई तिच्या शेजारी बसून ऐकत होती.

"म्हणजे पाणी नसेल तर तो काही करत नाही?"

"थंड असताना जवळजवळ नाहीच."

"मला दाखवशील?"

गाइडची परवानगी काढून पुढच्या शनिवारी आम्ही आईला प्रयोगशाळेत नेलं. बायकोने तिला मोठा चष्मा घालायला दिला आणि प्रयोग करायच्या काचेच्या कपाटापासून जरा लांब स्टुलावर बसवलं. कोरड्या मिथेनॉलमध्ये तिने डाळीएवढा खडा सोडला. आई पुढे वाकून पाहत राहिली. काही झालं नाही. मग बायकोने ड्रॉपरने पाण्याचे दोन थेंब टाकले. खडा फसफसला आणि पाणी संपल्यावर हळूहळू निवला.

"तो वायू कुठे गेला?" आईने लगेच विचारलं.

"वर पंखा आहे. तो बाहेर ओढून घेतो."

"पंखा बंद पडला तर?"

"तर मी काम थांबवते आणि सगळ्यांना बाहेर काढते, आई."

आईने मान हलवली. बायकोच्या कपाळावर चष्म्याचा वळ उठला होता, त्यावरून आईने अंगठा फिरवला आणि म्हणाली, "कार्बाइड आहे. जपून कर."

नंतर बायकोने ब्युटाइल अल्कोहोल घेतलं, त्यात खडा आणि पोटॅश घातलं आणि पोलादाच्या बंद भांड्यात सगळं तापवलं. बऱ्याच खटपटीनंतर खडा आणि अल्कोहोल यांच्यापासून बनणारा, तिला हवा असलेला व्हिनाइल ईथर थोडासा मिळाला. गाइडच्या मते सुरुवात चांगली होती. सध्या ती कमी उष्णतेत ते जमतं का पाहते आहे. शनिवारी मी पोहे करतो, ती खाऊन निघते, आणि आई फाटकापर्यंत तिच्यासोबत जाते.