कोणाला नेलं असेल या ट्रकने?

गिरणीतली नोकरी सुटल्यावर बाबांनी घाटकोपरच्या भंगारातून एक जुना ट्रक आणून भांडुपला आमच्या चाळीसमोर उभा केला. नाक लांबलचक आणि मागे बंद लाकडी खोका. सामान वाहण्याचा धंदा करायचा त्यांचा बेत होता. आईने आत डोकावून पाहिलं आणि तिथेच माशी शिंकली.

आत भिंतींना छातीच्या उंचीपर्यंत चामड्याच्या गाद्या ठोकलेल्या, तळाला मोरीसारखं भोक, छताच्या कड्यांतून लोंबणारा एक रुंद, जाड पट्टा.

"ह्येच्यातसून मडी न्हेली आसतली," आई म्हणाली. "माज्या हातान नारळ फुटाचो नाय."

आमच्याकडे नव्या गाडीपुढे नारळ फोडायचा मान आईचा, आणि नारळाशिवाय धंद्यासाठी चाक हलवायची बाबांची हिंमत नव्हती. आईच्या मढ्यांच्या गाडीत चाळीने आपले तर्क मिळवले. कैद्यांची गाडी, वेड्यांची गाडी. मी कॉलेजात जात होते, म्हणून मीही एक ठोकून दिला, टपालाची. पत्रांना गाद्या कशाला, हे मला कोणी विचारलं नाही म्हणून बरं. शेवटी बाबा कंटाळले. "उद्या भंगारवाल्याक परत देतंय. कापूंदे," म्हणाले. गिरणीतून शेवटचे घरी आले तेव्हाचा चेहरा पुन्हा त्यांच्यावर आला होता. मला तो बघवेना.

परत द्यायची तरी घाण कशी द्यायची, म्हणून आई आत झाडायला चढली. बराच वेळ खराट्याचा आवाज येत होता, तो थांबला. मी चढून पाहिलं. पुढच्या आडव्या फळीवर दातांचे व्रण होते, वरून आणि खालूनही. आई ते बोटांनी चाचपत होती.

"गुरांक वयले फुडले दात नसतत," ती म्हणाली. "ह्यो घोडो."

गादीच्या शिवणीत अडकलेला एक लांब, राठ केस तिने ओढून दाखवला. मग तो पट्टा धरून तिने हवेतच एका पोटाखालून फिरवला, आणि आम्हां दोघींना एकदमच कळलं. पाय मोडलेलं जनावर कोसळू नये म्हणून तो होता. एवढाल्या दुखणाईत घोड्यांना कोणीतरी असं उभ्याउभ्या तोलून याच मुंबईच्या रस्त्यांवरून दवाखान्यात नेत होतं! फळीपलीकडे, घोड्याच्या तोंडासमोर, एका माणसापुरतं बाकडं होतं. त्याच्यासमोरची फळी हात टेकून टेकून गुळगुळीत झाली होती.

बाबा खाली उभे होते. विचारायचा धीर त्यांना होईना.

आई त्या बाकड्यावर बसली.

"मेलेपण आसतले ह्येच्यात थोडे," ती म्हणाली. "पन एकटो कोण नाय मेलो."

आणि तिने बाबांपुढे नारळासाठी हात केला.