पडद्यामागच्या हिरव्या बांगड्या

सरस्वतीअक्का नसत्या, तर चेन्नईत मला दिवस गेले तेव्हाचे महिने मी नुसते रडून काढले असते. हे आधी लिहिते, मग बाकीचं... महिन्यापूर्वी त्यांच्या सुनेचा, मालिनीवहिनींचा फोन आला, "अक्का गेल्या. झोपेतच." मी गॅस बंद केला आणि तशीच खाली बसले.

नववीत शाळा सोडलेली मी, लग्न होऊन सांगलीकडून वेस्ट मांबलमला आले. नवरा सोनं गाळायच्या कामावर. इमारतीखाली अक्कांचं दुकान, एका बाजूला डाळ-तांदूळ, दुसरीकडे बांगड्या, रिबिनी, स्टीलचे डबे. अक्का तंजावरकडच्या, मराठी जुनं आणि हेल तमिळ. मी तोंड उघडलं की म्हणायच्या, "भीती कशास गे?" भीती तर मला सगळ्याचीच.

करोनात फक्त गरजेच्या वस्तू विकायची परवानगी उरली. नवऱ्याचं काम थांबलं. अक्कांनी बांगड्यांच्या बाजूला आपली जुनी साडी पडद्यासारखी बांधली. मला तेव्हा सातवा लागलेला, गाड्या बंद, माहेर लांब. आई फोनवर एकच घोकायची, "हिरवा चुडा तरी भर गं." चुडा राहिला तर बाळाला काही होईल, हे माझ्या डोक्यातून जाईना.

मी हळूच म्हटलं, "अक्का, पडद्याआडून द्या ना. कोण बघतंय?"

"विकणार नाही. सरकारनं मना केलंय." माझा चेहरा पडला, तशा म्हणाल्या, "विकायला मना केलंय गे. भरायला कोण मना करतो?"

दुसऱ्या दिवशी दुकान लावून घेऊन त्या तांदळाच्या पिशवीत बांगड्या घेऊन निघाल्या, तर जिन्याशीच महापालिकेचा माणूस. पिशवी किणकिणली.

"अम्मा, तांदूळ वाजतो?"

"जुना आहे."

त्यानं आत डोकावलं. "हे गरजेचं?"

"वर सातव्या महिन्याची पोर रडत बसलीय. तूच सांग."

त्यानं पिशवीचं तोंड पुन्हा दुमडलं. "मास्क नाकावर घ्या," एवढंच म्हणून गेला.

गर्दी चालणार नव्हती, म्हणून बायका आपापल्या दारात उभ्या राहिल्या. अक्का एकेकीच्या नावानं माझ्या हातात बांगडी चढवत जिन्यात हाक द्यायच्या, "ही पार्वतीची. ही वरच्या टीचरची." त्या त्या दारातून हसू यायचं. कुणी उंबऱ्याशी लिंबूभात ठेवला, कुणी चिंचभात. व्हिडिओ कॉलवर आईला तमिळचं अक्षर कळत नव्हतं, पण रडता रडता हसत होती. मीही त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले. मुलगी सुखरूप झाली, आता शाळेत जाते आणि तमिळमध्ये भांडते.

बांगडी चढवताना अक्का समोरच्या बाईला बोलण्यात गुंतवायच्या, म्हणजे हात आपोआप सैल सुटतो. ती खुबी मी सध्या वहिनींच्या मनगटावर शिकतेय. त्या म्हणतात, "बडबड जमली, बांगडीचं बघ."

अक्का, तुमच्या नातीला पाचवा लागलाय. तुमचे उपकार फेडायची मला दुसरी वाट दिसत नाही. तिचा चुडा मीच भरणार, आणि एकही बांगडी पिचू देणार नाही.