देवसिंगच्या टीव्हीतला ढावलो

देवसिंग राठोड हट्टाले पेटला की त्याच्या वाटेत कोणी उभं राहू नये. मी राह्यलो होतो, म्हणून सांगतो.

आम्ही दोघं आर्णीकडच्या एकाच जिनिंगमध्ये कामाले होतो. तो फिटर, मी भीमराज, वायरमन. कापसाचा भाव पडला, गाड्या येणं कमी झालं आन् २००६ मध्ये मालकानं गेटले कुलूप ठोकलं. मी लग्नाच्या शूटिंगचं दुकान टाकलं. देवसिंग आपल्या बंजारा तांड्यात, म्हणजे वस्तीत, पंप, मिक्सर, हाती येईन ते दुरुस्त करत बसला. जिनिंगच्या ऑफिसातलं भंगारात काढलेलं कॉम्प्युटर त्यानं घरी उचलून आणलं होतं. मी म्हटलं, "हे डबडं कायले?" तर म्हणे, "चालवीन."

तीन वर्षांनी त्याच्या पोरीचं, दिपालीचं लग्न ठरलं. बंजारा लोकांत नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून, गाऊन रडते. त्याले ढावलो म्हणतात. देवसिंगची माय तानाबाई यात एक नंबर होती. ती मागच्या साली गेली, आन् तांड्यात दुसऱ्या कोणाले पुरा ढावलो येत नव्हता. देवसिंगची बायको हंसाबाई, तिलेही दोन-चार ओळीच यायच्या. फक्त एका पुतणीच्या लग्नात तानाबाईनं नवरीच्या बाजूले बसून अख्खा म्हटलेला माझ्या कॅमेऱ्यात होता. देवसिंग तेव्हा दुसऱ्या गावी पंप दुरुस्त कराले गेला होता, त्यानं तो ऐकला नव्हता. दिपाली म्हणाली, "म्हणीन तर आजीचाच. नाही तर मुकी जाईन." लग्नाले नऊ दिवस उरले होते.

मी म्हटलं, "तिले माझ्या दुकानात पाठव, दाखवतो."

"पोरगी तुझ्या दुकानात बसून रडणं शिकन काय बे? गिऱ्हाईकं तमाशा पाहतीन."

घरचा डीव्हीडी प्लेयर माझी फाइल घेईना. मंग ह्या बुवानं ठरवलं, कॉम्प्युटरच टीव्हीले जोडायचं, मोठा स्पीकर लावायचा. त्यातलं विंडोज व्हायरसनं सडलं होतं. एका कॉम्प्युटरच्या मासिकासोबत विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सची सीडी फुकट आली होती, ती मी त्याले दिली. गंमत म्हणून दिली, खरं सांगतो. दहावी नापास माणूस, दोन दिवसांत वापस आणून देईन असं मले वाटलं होतं.

कायचा वापस! लाइट जेवढा वेळ राहे तेवढा वेळ हा बसला. पहिल्या दिवशी टीव्हीवर चित्र आलं, पण काळं-पांढरं, आन् वरून खाली धावून राह्यलं. फोनवर मले म्हणे, "टीव्ही खराब नाही. सकाळीच बातम्या रंगीत पाहिल्या." त्यानंच शोधून काढलं की कॉम्प्युटरातलं टीव्हीचं कार्ड परदेशातल्या टीव्हीच्या हिशेबानं चित्र फेकते, आपला टीव्ही पाल पद्धतीचा. त्या हिशेबाची ओळ त्यानं सेटिंगच्या फाइलमध्ये बदलली. रंग आला. पण आवाज नाही.

दुसऱ्या दिवशी तेही सापडलं. आवाजाच्या पट्ट्या दिसतात त्या खिडकीत प्रत्येक पट्टीखाली दोन एम होते, म्हणजे म्यूट, मुकं. एकदा एम दाबला आन् तानाबाईचा आवाज घरभर घुमला. दोन ओळी झाल्या, यानं बंद केलं. "आला," म्हणे, आन् जेवाले बसला.

सकाळी पाहते तर आवाज गायब.

आवाज उघडल्यावर ती सेटिंग जपून ठेवाची आज्ञा वेगळी द्यावी लागते, ती दिली. संध्याकाळी दोन ओळी वाजल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा मुकं. त्यानं अख्खं लिनक्स पुसून नव्यानं टाकलं. वाजलं. सकाळी मुकं. प्रत्येक वेळी डब्याच्या मागं हात घालून स्पीकरची पिन चाचपून पाहे. पिन घट्ट. मंग सारे वायर उपटून डबा खोले, पुसे, वायर पुन्हा जागच्या जागी लावे, तवा कुठं संध्याकाळी वाजे. तीन दिवस असेच गेले. मी चिडून म्हटलं, "सोड ना बे, पोरगी आपल्या मनानं रडन!"

"मायनं म्हटलेलं माह्या पोरीले भेटलंच पाहिजे," तो म्हणाला आन् फोन आपटला.

मले लाज वाटली. गाडी काढली, तांड्यात गेलो. टॉर्च मारून डब्याच्या मागं पाह्यलं आन् कपाळावर हात मारला. पिन होती, घट्टच होती, पण हिरव्या भोकातून काढून बाजूच्या गुलाबी भोकात खोचलेली. माइकच्या.

देवसिंगनं बायकोकडे पाह्यलं. पोरीले तर आवाज पाहिजेच होता, मंग घरात दुसरं होतंच कोण?

हंसाबाई घाबरली नाही. "मीच करतो रोज. नुसती काढली असती तर ह्यायच्या ध्यानात आलं असतं. भाऊजी, पोरगी अजून घरात हाय. हळद नाही लागली, आन् घरातून बिदाईचं रडणं निघते? रस्त्यानं जाणाऱ्याले वाटन इथं कोणी मेलं."

"वहिनी, सांगाचं तरी!"

"ह्यायले? हे कधी कोणाचं ऐकते?"

देवसिंगनं आवाज चढवला नाही. मले म्हणे, "तुह्या शूटिंगचा हेडफोन दे." त्यानं पिनेच्या जागी तो लावला. "आता रडणं पोरीच्या कानातच राहीन. घराले ऐकू नाही येणार. चालते?"

हंसाबाईनं विचार केला. "तिनंही तोंडातून काढाचं नाही. मनातच म्हणाचं."

"कबूल."

मोठा स्पीकर पडला कोपऱ्यात. उरलेले दिवस दिपाली टीव्हीसमोर हेडफोन घालून बसे, ओठ हलत, आवाज नाही. लाइट गेला की उठे, आला की पुन्हा सुरू. तिले पुरं पाठ झालं का नाही, हे कोणालेच समजत नव्हतं.

बिदाईच्या वेळी मी कॅमेरा घेऊन उभा होतो. दिपालीनं आधी मायचा गळा धरला. पहिल्या दोन ओळी निघाल्या, देवसिंगनं माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे जमलं. मंग पोरगी बापाकडे वळली. तानाबाईच्याच चालीत, बंजारा लोकांच्या गोरबोलीत म्हणू लागली, की बापू, तू थकून येशील, हाक मारशील, मंग ध्यानात येईन मी गेली, तेव्हा उपाशी निजू नको, स्वतःच्या हातानं वाढून घेजो.

देवसिंग मटकन खाली बसला. पोरगीही त्याच्यासोबत धुळीत बसली, गळा सोडला नाही, ओळ तोडली नाही.

गाडी गेल्यावर मी त्याले पाणी दिलं. त्यानं गिलास तसाच हातात धरला.

"भीमराज, मी दोनच ओळी ऐकत होतो बे," तो म्हणाला. "आवाज येते का, एवढंच पाहत होतो. माय पुढं काय म्हणते, ते मी ऐकलंच नाही."