सगुण तांडेल बोलला
साठ सालच्या मे महिन्यात होडी उलटली आणि आचऱ्याच्या सगुण तांडेलाचा धाकटा भाऊ बुडाला. तेव्हापासून सगुण समुद्राकडे फिरकेना, कोणाशी बोलेना. देवाला कौल लावून झाला, डॉक्टरचं औषध झालं. शेवटी बायकोने त्याला शेजारच्या द्वारकाकाकूकडे धाडलं. काकू पैसे घेत नसे. आलेल्याच्या हाती सुंभ वळायला काथ्या द्यायची आणि त्याचं ऐकून घ्यायची.

सगुण बरेच दिवस नुसतं सुंभ वळत राहिला. मग एकदा म्हणाला, "काकू, माज्या हातातसून तेचो हात सुटलो."

"मगे?" काकूने विचारलं.

सगुण दुपारभर बोलला, रडला.

पावसाळा सरल्यावर तो होडी घेऊन गेला. मासळी बेताचीच मिळाली. रात्री जेवताना आमटीत मीठ कमी असल्याचं त्याने बायकोला सुनावलं. तिला फार बरं वाटलं.