बिनचालकाच्या गाडीचे चालक
मास्तरांनी अर्ध्या शहराला गाडी शिकवली आणि उरलेल्या अर्ध्याला शिव्या दिल्या, असं त्यांची बायको म्हणायची. ड्रायव्हिंग स्कूल बंद केल्यावर ते घरात बसून तिच्या भाजी चिरण्यावर सूचना देत राहिले. विद्यापीठातून बोलावणं आलं तेव्हा तिनंच आधी सुटकेचा निःश्वास टाकला.

तिथं आपोआप चालणारी गाडी घडत होती. शहराच्या गर्दीतून स्वतःच वळायची, स्वतःच थांबायची. तरी स्टिअरिंगमागे माणूस हवाच, गाडी चुकली तर सावरायला.

"म्हणजे पगार कशाचा, काही न करण्याचा?" मास्तरांनी विचारलं.

"काही न करता डोळ्यांत तेल घालून बसण्याचा," संशोधन चालवणाऱ्या मॅडम म्हणाल्या.

आता मास्तर आणि काही न करणं, म्हणजे झालंच. सुरुवातीला त्यांनी इतक्या वेळा ब्रेक दाबला, की मागच्या सीटवर लॅपटॉप घेऊन बसणारी मॅडमची विद्यार्थिनी रडकुंडीला आली. तिला ते चष्मेवाली म्हणत. पण हळूहळू गाडीवर त्यांचा जीव जडला. वळणावर ती अदबीनं थांबली की ते डॅशबोर्ड थोपटायचे. "माझ्या एकाही शिष्यानं इतकं ऐकलं नाही," असं वर सांगायचे.

एकदा दिवस कलताना बाजाराच्या रस्त्यावर गाडी मधेच थांबली. समोर रस्ता मोकळा. "काय गं, झोपलीस की काय?" असं पुटपुटत मास्तरांनी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला. ते दाबणार, एवढ्यात गडद कोटातली एक म्हातारी, हातात पिशवी, डावीकडून बॉनेटसमोर आली आणि सावकाश पलीकडे गेली. ती काही आभाळातून पडली नव्हती. ती केव्हाची तिथंच चालत होती. मास्तरांनी पाय हळूच मागे घेतला.

चष्मेवालीला स्क्रीनवर म्हातारी कधीच दिसली होती. मास्तरांचा पाय मात्र मागून दिसत नव्हता. "मानलं तुम्हाला, मास्तर," ती म्हणाली. "कशाला हातसुद्धा लावला नाहीत. गाडीवर केवढा विश्वास." परतल्यावर मॅडमनीही ते ऐकलं आणि ठरवून टाकलं, की परवा गाडी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना भर गर्दीतून फिरवायचं, ते मास्तरांनीच. मास्तर हसले. हसले कसले, दात दाखवले.

घरी जाताना ते फुटपाथच्या कडेनं चालले. वर्षभर कडेची माणसं अशीच एकदम समोर उगवत होती. लोकच बेशिस्त झालेत, असं म्हणून ते मोकळे व्हायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची, गप्प बसावं, गाडी आहे ना बघायला. पण हा हिशेब काही जमेना. गाडीला दिसतं तेव्हा आपली गरज नाही, आणि तिला दिसणार नाही तेव्हा आपल्यालाही दिसणार नाही. मग त्या खुर्चीत आपण बसलोय तरी कशाला? आणि ती खुर्ची गेली तर आपण कोण? चहा पिताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मला सांगून काय उपयोग?"

सकाळी चष्मेवालीसमोरच त्यांनी मॅडमना सांगितलं, "तो विश्वास नव्हता. मला बाई दिसलीच नाही. मी गाडी पुढे रेटणार होतो."

 मॅडम प्रामाणिकपणाबद्दल काहीबाही बोलू लागल्या, डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव सांगू लागल्या. मास्तरांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते चष्मेवालीकडे बघत होते. तिचा चेहरा उतरला होता.

"मी रोज मागे बसत होते," ती म्हणाली. "तुम्ही पुढे आहात म्हणून खाली मान घालून काम करायचे."

"तेच तर, पोरी. गाडी सोडावी लागतेय याचं वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? पण तू मागे होतीस हे आठवलं, की हातपाय गार पडतात."

तिनं लॅपटॉप उचलला आणि ती निघून गेली. मास्तरांनी तिला हाक मारली नाही. रागवायचा तिला पुरता हक्क होता.