वहिनी पाया पडायला उठल्या

आमच्या शेजारच्या वहिनींवर गेल्या रविवारी सकाळी अन्याय झाला, त्यांच्याच अंथरुणाशी. मोटारसायकलवरून पडून त्यांच्या खुब्याची वाटी फुटली होती. सोलापुरातल्या डॉक्टरांनी धातूची प्लेट वाकवून स्क्रूंनी तिथं बसवली आणि पाय टेकायला सक्त मनाई केली.

वहिनींचं माहेर उजनीकाठचं. डोळे मिटून, पाण्यात बोट फिरवावं तशा हळू बोलतात. खुब्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आत चांदीचा मासा निजलाय. हलू नगंस म्हणते त्याला."

तेवढ्यात चुलतसासरे भेटायला आले. मी "झोपा की" म्हणेपर्यंत वहिनी पदर सावरून उठल्या, वाकल्यासुद्धा.

"पडू दे पाया. लोखंड हाय, मोडतंय व्हय?" म्हणत त्यांनी तोंडभरून आशीर्वाद दिला.

स्क्रू हलला. आता पुन्हा ऑपरेशन, आणि माफी वहिनीच मागतायत.

आजाऱ्याला भेटायला जाल, तेव्हा दारातूनच सांगा, "उठायचं नाही."